राणीची अठ्ठाई



आज जरा रागातच लिहायला बसले आहे. हा राग तुमच्यावर आहे तितकाच माझ्यावर आणि माझ्या घरावरही आहे, म्हणून कुणी वाईट वाटून घेऊ नका. वाटलंच तर संवत्सरी येतेच आहे, तेव्हा क्षमा मागून घेईन.

गेल्या पर्युषणात आमच्या राणीने खाणं सोडलं. राणी म्हणजे आमच्या शहापूरच्या दुकानाच्या ओट्यावर जन्मलेली तपकिरी गावठी कुत्री. नऊ वर्षं झाली, ओटा तिचा आणि रोजची पहिली पोळी तिची. पर्युषण सुरू झालं आणि पोळी तशीच पडून राहायला लागली. ती वाटीजवळ यायची, हुंगायची, तुकडा तोंडात घ्यायची, मान वाकडी करायची, तुकडा खाली टाकायची आणि ओट्याखाली जाऊन बसायची. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "बघा गं, मुका जीव पण अठ्ठाई करतोय." घरभर कौतुक झालं. शेजारच्या काकी मुद्दाम बघायला आल्या. जाऊबाईंनी फोटो काढून महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि त्याखाली 'अनुमोदना, अनुमोदना' अशी रांग लागली. त्या रांगेत माझंही नाव आहे.

संवत्सरी झाली, दुसऱ्या दिवशी माणसांची पारणी झाली. राणीचं काही पारणं होईना. तिच्या उजव्या डोळ्याखाली लिंबाएवढी सूज आली. गांधीलमाशी चावली असेल म्हणून हळद लावली. सूज फुटली, पू गेला, दोन दिवस बरं वाटलं, आणि पुन्हा त्याच जागी गाठ आली. तेव्हा कुठे आम्ही तिला गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोळ्याकडे पाहिलंही नाही. तिचं तोंड मिटलेलंच ठेवून वरचा ओठ फक्त बोटाने वर उचलला आणि मला म्हणाले, "या, तुम्हीच बघा."

वरची मोठी दाढ उभी चिरली होती. आतलं काळं दिसत होतं, हिरडी सुजून लाल, आणि बाकीच्या दातांवर पिवळट तपकिरी किटणाचा थर. नऊ वर्षं रोज मी तिला खाऊ घातलं आणि हे तोंड एकदाही पाहिलं नव्हतं. कुत्र्याच्या त्या वरच्या दाढेला तीन मुळं असतात आणि ती डोळ्याच्या खालीपर्यंत गेलेली असतात. म्हणून दाढ सडते तोंडात आणि गळू येतं गालावर, डोळ्याखाली. वरून कितीही हळद लावा, मूळ आत आहे तोवर ते परत परत येतं. मुंबईला नेऊन, एक्सरे काढून, भूल देऊन ती दाढ काढली. तिसऱ्या दिवशी राणीने दुधात कुस्करलेली पोळी खाऊन वाटी चाटून लख्ख केली.

आता मला सांगा, ते आठ दिवस काय होतं? तप? तप करणाऱ्याला पच्चक्खाण घेता येतं, आणि नाही झेपलं तर सोडताही येतं. तिला भूक होती, समोर अन्न होतं, आणि चावता येत नव्हतं. आपण पाक्षिक प्रतिक्रमणात पहिल्या व्रताचे पाच अतिचार आठवतो. वध, बंध, छविच्छेद, अतिभार आणि पाचवा भक्तपानविच्छेद, म्हणजे आपल्या आश्रयाला असलेल्या जनावराचं अन्नपाणी तोडणं. मला लहानपणापासून वाटायचं की हा पाचवा दोष बैल उपाशी ठेवणाऱ्या गाडीवाल्याचा. जिच्या हातात रोज पोळी असते तिला तो कशाला लागेल? लागतो. पोळी समोर ठेवून ती खाता येईल की नाही हे न बघणं हाही अन्न तोडण्याचाच प्रकार आहे. महाराजसाहेब याला काय म्हणतील मला माहीत नाही, मी माझ्यापुरतं म्हणते आहे.

आपल्या स्वयंपाकघरात आपण काय करतो ते आठवा. फ्लॉवरचा एकेक तुरा सुटा करून उजेडात धरतो. मेथीचं प्रत्येक पान उलटून बघतो. पीठ चाळतो, पाणी गाळतो, गाळण्यात राहिलेला जीवही जपून परत पाण्यात सोडतो. याला आपण जयणा म्हणतो आणि जयणेचं सगळं बळ बघण्यात आहे. मेघकुमाराच्या मागच्या भवातली हत्तीची गोष्ट प्रत्येकीने पाठशाळेत ऐकली आहे. वणव्यात अंग खाजवायला उचललेला पाय खाली ठेवताना त्याला त्या जागी ससा बसलेला दिसला, म्हणून त्याने पाय तसाच वर धरला. आधी त्याने पाहिलं. आपण फ्लॉवरमधली अळी शोधून काढतो, आणि दारातला पाच इंद्रियांचा, मन असलेला, आपल्याला नावाने ओळखणारा जीव दातदुखीने तळमळतो तेव्हा त्याचा फोटो काढून अनुमोदना करतो.

आणि जनावराचं तोंड कसं बघायचं हे आपल्या भागात कुणाला माहीत नाही असंही नाही. माझं माहेर मुरबाड. पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते, तिथल्या बैलबाजाराचं नाव लांबपर्यंत आहे. लहानपणी वडिलांबरोबर जायचे तेव्हा बघितलंय, शेतकरी बैलाचं तोंड उघडून दात पाहिल्याशिवाय किमतीचा शब्द काढत नाही. आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे की जुळलेला आहे, सगळं वय दातांवरून वाचतात. चार पैसे लावायचे असले की जनावराचे दात बघायचे असतात हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. धर्माच्या नावाने खाऊ घालायचं असलं की मात्र तोंड बघायची गरज संपते.

आता त्या खाऊकडे येते. सकाळी देरासरातून निघताना पिशवीतून ग्लुकोज बिस्किटांचा पुडा काढायचा आणि कुत्र्यांपुढे फोडायचा, हे आपल्याकडे पुण्याचं काम. मीही वर्षानुवर्षं केलं आहे. कुत्र्याच्या दातांना आपल्यासारखी कीड सहसा लागत नाही, त्याचं दुखणं हिरड्यांचं असतं. दातांवर जंतूंचा चिकट थर रोज बसतो, तो पुसला नाही तर लाळेतल्या क्षारांनी दोनतीन दिवसांत घट्ट होऊन किटण होतं, आणि ते हिरडीच्या खाली सरकत दाताचा आधारच पोखरतं. मैदा आणि साखरेचा लगदा दातांच्या फटीत चिकटून बसला की त्या थराला आयतं खाद्य मिळतं. आपल्या पुण्याच्या हिशेबात पुडे मोजले जातात, त्यांच्या तोंडात त्याचं काय होतं ते कुणी मोजत नाही. साधी भाकरी द्या, पोळी द्या, भात द्या. आणि हो, प्रसादातले मनुके आणि द्राक्षं कुत्र्याला अजिबात नको. त्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पडू शकतात. चॉकलेटही नको.

इथे आमच्या गल्लीतले एक काका हमखास म्हणतात, "तुम्ही जैन लोक कुत्र्याला हाड देत नाही, म्हणून त्याचे दात खराब होतात." हे ऐकून आपल्यातल्या कितीजणी गप्प बसतात! मीही बसायचे. राणीची दाढ कशाने चिरली हे डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, बहुतेक असंच काहीतरी कडक चावून. ती रात्री रस्त्यापलीकडच्या ढाब्यामागे जायची, तिथून हाडकं आणायची. हाड, दगड, शिंग असल्या वस्तूंनी नेमकी तीच वरची मोठी दाढ चिरते. तेव्हा हाड न देण्यात आपलं काही चुकत नाही. आपली चूक हाडाऐवजी काहीच न करण्यात आहे.

ज्या थोड्याजणी काही करतात त्यांचं वेगळंच. कल्याणच्या दुकानातून किंवा मोबाइलवर मागवून 'दात साफ करणारं' पांढरं, दोन्ही टोकांना गाठ मारलेलं चघळणं आणतात. माझ्या नणंदेच्या घरी पॉमेरेनियन आहे, त्याच्यासाठी तिने महिनोन् महिने ते आणलं. कांदा-लसूण घरात न येणारं घर! एकदा मी पाकीट हातात घेऊन तिला वाचायला लावलं. ते गुरांचं कातडं असतं बायांनो. कमावायच्या आधीचं, वाळवून वळलेलं कातडं. आपण चामड्याची पर्स सोडली आणि चामडं ताटात वाढलं. पाकीट वाचल्याशिवाय काही घेऊ नका, जिलेटिन आणि हाडांची भुकटीही असते. याकच्या दुधाचा कडक चुर्पी मिळतो, तो दुधाचा खरा, पण काही तुकडे दगडासारखे असतात. अंगठ्याचं नख रुतत नसेल तर ते दाताला घातक, एवढी खूण पुरे. कुत्र्यांच्या टूथपेस्टला बहुतेक कोंबडीचा वास असतो, पण पुदिन्याच्या वासाचीही मिळते, शोधावी लागते. माणसाची पेस्ट मात्र कुत्र्याला लावायची नाही. त्याला चूळ भरता येत नाही, तो सगळं गिळतो, आणि काही पेस्टमध्ये असणारं झायलिटॉल कुत्र्याला विषासारखं आहे.

पेस्ट नसली तरी अडत नाही. खरं काम घासण्याचं आहे. मी काय करते सांगते. मऊ मलमलचा तुकडा बोटाला गुंडाळायचा, पाण्यात भिजवायचा, राणीला भिंतीकडे पाठ करून बसवायचं आणि ओठ वर करून दातांच्या बाहेरच्या बाजूने, हिरडीच्या कडेकडेने पुसायचं. जबडा उघडायची गरज नाही, आतली बाजू तिची जीभ बरीच सांभाळते. पहिला आठवडा फक्त ओठाला हात लावायचा आणि लाड करायचे, मग एक दात, मग दोन. आता तिला लहान मुलांचा मऊ ब्रशही चालतो. माझ्या हातून रोज होत नाही, खोटं कशाला सांगू, पण एक दिवसाआड तरी होतंच. आधी जमलेलं घट्ट किटण मात्र घरी खरवडायला जाऊ नका. तारेने, नखाने, कशानेच नाही. हिरडीखालचं किटण भूल दिल्याशिवाय निघत नाही. भुलीशिवाय वरवर खरवडून दात पांढरे करून देणारेही आहेत. त्याने दात चमकतात, पण खालचं दुखणं तसंच राहतं.

भूल म्हटलं की आपल्यातल्या दोघीतिघी लगेच म्हणतात, जिवाला धोका, त्यापेक्षा असूदे. कुणी म्हणतं, दात उपटणं म्हणजे छविच्छेदच की. मला एका भगिनीने हे तोंडावर विचारलं. स्वतःच्या अक्कलदाढा तिने ठाण्याला जाऊन काढून घेतल्या आहेत. छविच्छेद हा रागाने किंवा स्वार्थाने अवयव तोडण्याला म्हणतात. सडलेला दात काढणाऱ्याच्या हातात ना राग असतो ना स्वार्थ. भुलीत धोका असतो, आधी रक्त तपासून तो कमी करता येतो. सडक्या दाताचा धोका मात्र काही न करता बसून वाढतोच. आणि "ज्याचं त्याचं कर्म, भोगू दे" म्हणणाऱ्यांना एवढंच विचारते की मग पांजरापोळीला पावती कशाला फाडता?

पांजरापोळीवरून आठवलं. १८३२ सालच्या जून महिन्यात मुंबईत इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारायची मोहीम चालवली, तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले, त्यांच्याबरोबर हिंदू आणि जैनही उतरले, दुकानं बंद झाली, दंगल झाली. दोन वर्षांनी भुलेश्वरला मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्याबरोबर त्यात आपल्या जैन शेठ लोकांचा पैसा होता. म्हणजे कुत्र्याच्या जिवासाठी धंदा बंद ठेवणारी आपली माणसं होती. १८८० च्या दशकात परळला जनावरांचं मोठं इस्पितळ झालं, ज्याला मुंबईकर अजून बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, आणि १८८६ मध्ये तिथेच पशुवैद्यकाचं कॉलेज निघालं. तेव्हापासून आजपर्यंत दवा किती पुढे गेली! आपली जीवदया मात्र चारा आणि बिस्किटावरच उभी आहे.

आमच्या शहापूर-मुरबाडचे सरकारी दवाखाने गाई-म्हशी आणि शेळ्यांसाठी आहेत, लाळ्या-खुरकूताच्या लसीतच तिथल्या माणसांचा दम निघतो. दाताचा एक्सरे मला इथे मिळाला नाही. म्हणून कल्याण, ठाणे, मुंबई, आणि कुत्रं घेऊन जायचं तर गाडी स्वतःची हवी. टोकावडे, धसई, किन्हवलीकडच्या बाईने काय करायचं? फार्महाऊसवाल्यांचं तर बोलूच नका. पावसाळ्यात लॅब्रॅडॉर रखवालदाराच्या हवाली करून जातात ते दिवाळीलाच येतात. त्या कुत्र्यांची तोंडं बघवत नाहीत.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. मुरबाडला आमच्या वडिलांच्या दुकानात काळ्या होता. मी नववीत होते. त्याची लाळ गळायला लागली, खाईना, आणि माझा धाकटा भाऊ त्याच्या गळ्यात पडला तेव्हा त्याच्या हातावर खेकसून दात लावला. पिसाळला, असं सगळे म्हणाले. भावाला इंजेक्शनं दिली, ते योग्यच झालं. काळ्याला पोत्यात घालून टेम्पोतून माळशेजच्या रस्त्याला सरळगावच्या पुढे सोडून आले. मारलं नाही, आपण अहिंसावाले ना. पण पिसाळलेलं कुत्रं काही दिवसांतच मरतं, आणि काळ्या दोन महिन्यांनी आमच्या एका गिऱ्हाइकाला वैशाखरेच्या बाजूला दिसला होता, हाडांचा सापळा झालेला, तोंड एका बाजूला सुजलेलं. गिऱ्हाइकाने दुकानात येऊन सांगितलं. वडिलांनी ऐकलं आणि वजन करत राहिले. राणीचा ओठ वर उचलला गेला त्या दिवशी मला ते सुजलेलं तोंड पंचवीस वर्षांनी दिसलं.

यावरून कुणी लाळ गळणाऱ्या अनोळखी कुत्र्याच्या तोंडात हात घालू नये. लाळ गळणं, न खाणं, अंगावर येणं ही रेबीजचीही लक्षणं आहेत आणि त्यात चुकीला जागा नाही. लांब राहा, डॉक्टरला बोलवा. चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, हळद-मिरची काही भरू नका, त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा, लस तिथे मोफत असते. आपल्या दारच्या कुत्र्याला दर वर्षी लस दिलेली असली तर निदान त्याच्यावर संशय येऊन त्याला पोत्यात भरायची वेळ येत नाही. मी सांगते आहे ते ज्याला तुम्ही रोज गोंजारता त्याच्याबद्दल. त्याच्या तोंडाला वास येतो, एका बाजूने चावतो, घास टाकतो, पंजाने गाल घासतो, यातलं काहीही दिसलं तर ओठ उचलून बघा. कुत्र्याचे दात बेचाळीस, मोजले नाहीत तरी चालतील.

मांजराचं थोडक्यात, कारण तिथे आपली खरी पंचाईत आहे. मांजर मांसावरच जगणारा जीव आहे, तिला लागणारं टॉरिन दूधभातातून मिळत नाही आणि ते न मिळाल्यास डोळे आणि हृदय जातात. म्हणून माझं मत असं की जैन घराने हौसेने मांजर आणून तिला जबरदस्तीने दूधभातावर ठेवू नये. गोदामात आपसूक आलेली मनी माझ्याकडेही आहे, ती तिचं ती बघते, आणि ती आमच्या दुधावर जगते असं मी कुणाला सांगत नाही. पण तिच्या तोंडाची जबाबदारी मी टाळू शकत नाही. मांजर दुखणं कुत्र्याहून जास्त लपवते. भुकेने वाटीकडे धावून येते, एक घास घेते आणि किंचाळून पळते, तेव्हा ती 'नखरे' करत नसते. हिरड्या लालभडक असतील तर कधी कधी सगळे दात काढावे लागतात, आणि दात नसलेलं मांजर व्यवस्थित खातं.

राणीच्या दाढेचा सगळा खर्च, गाडीभाड्यासकट, आमच्या घरच्या एका अठ्ठाईच्या प्रभावनेपेक्षा कमी झाला. स्टीलचे डबे वाटले होते आम्ही. म्हणून मी संघात विचारलं की यंदा जीवदयेच्या टिपेतली काही रक्कम वेगळी ठेवावी, वर्षातून दोनदा मुंबईहून जनावरांचे डॉक्टर बोलवावेत, एकदा शहापूर आणि एकदा मुरबाड, नुसती तोंडं तपासायला आणि लस द्यायला, आणि ज्यांना गरज आहे त्यांना पुढे न्यायला गाडी द्यावी. वही लिहिणारे भाई म्हणाले, "बेन, वहीत चारा, कबुतरांचं धान्य आणि गाई सोडवणं एवढेच रकाने आहेत. दातांचा रकाना नाही." मी म्हटलं, पट्टी द्या, रेघ मी मारते. त्यांनी वही मिटून ठेवली आहे. येत्या रविवारी दुपारी प्रवचनानंतर मी पुन्हा जाणार आहे. शहापूर-मुरबाडच्या ज्यांना जमेल त्यांनी सोबत या, सासूबाई येणार आहेत.